साठीनंतरचे कपाट : आजच्या अंगाला आणि मनाला साजेल असे कपडे कसे निवडावेत

गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाला निघताना माझा उजवा हात पाठीमागे पोचेना. ब्लाउज नवा होता, बंद गळ्याचा आणि पाठीवर सहा हुक असलेला. खालचे दोन हुक कसेबसे लागले, वरचे चार लावायला शेजारच्या मुलीला बोलवावे लागले, आणि रात्री घरी परतल्यावर तो काढून देण्यासाठी त्याच मुलीचे दार पुन्हा वाजवताना मला अतिशय संकोच वाटला. खांदा आखडला आहे, मधुमेह असलेल्यांना हा त्रास अधिक होतो, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि पुढे काही महिन्यांच्या व्यायामाने हात बराच मोकळाही झाला. तो ब्लाउज मात्र मी उसवून पुढून उघडणारा करून घेतला, आणि त्या निमित्ताने वयाच्या 67 व्या वर्षी माझे सगळे कपाट एका प्रश्नावर तपासून पाहिले : हा कपडा मला कुणाच्याही मदतीवाचून घालता येतो का, दिवसभर त्यात वावरता येते का, आणि तो अंगावर असताना आरशात मला मी दिसते का? पुढे जे लिहिले आहे ते त्या तपासणीतून आणि मैत्रिणींच्या, वहिनींच्या, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अनुभवांतून आलेले आहे.

सुरुवात कपाटापासून करू नये, अंगापासून करावी. आपल्यापैकी बहुतेकांची मापे टेलरच्या वहीत दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असतात आणि ‘जुन्या मापाचाच शिवा’ असे सांगून आपण मोकळे होतो. या काळात शरीर गप्प बसलेले नसते. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण 1 सेंटीमीटर उंची कमी होते आणि सत्तरीनंतर हा वेग वाढतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या दबतात, हाडे विरळ होतात आणि पाठीला हळूहळू बाक येतो. रजोनिवृत्तीनंतर पोटाचा घेर वाढतो, तर दंड आणि खांदे मात्र बारीक होतात, म्हणून एकच ब्लाउज छातीपाशी घट्ट आणि खांद्यावर ढगळ होतो. (उंची थोड्याच काळात चांगलीच घटल्याचे लक्षात आले, तर टेलरच्या आधी डॉक्टरांना सांगावे.) माप देताना नेहमी जसे उभे राहतो तसेच सैलसर उभे राहावे. मुद्दाम ताठ उभे राहून दिलेल्या मापाचा कपडा फक्त ताठ उभे राहिल्यावरच नीट बसतो, आणि तसे आपण दिवसातून दोन मिनिटेसुद्धा उभे राहत नाही. नेहमीचे आतले कपडे अंगावर असावेत, माप दुसऱ्या कुणीतरी घ्यावे, आणि छाती, कंबर, खांदा, मुंढा (बाही जोडतात ती गोलाई), दंडाचा घेर, पाठीची उंची ही मापे तारीख घालून स्वतःच्या वहीत लिहून ठेवावीत.

त्यानंतर कपाटातला प्रत्येक कपडा अंगावर घालून पाहावा. एका दिवसात हे काम उरकायला जाऊ नये, रोज चार-पाच कपडे पुरेत. प्रत्येक कपडा घातल्यावर फळीवरचा डबा काढतो तसा हात वर करावा, खुर्चीवर बसून हाताचा आधार न घेता उठून पाहावे, आणि एसटीची पहिली पायरी चढताना पाय जितका उचलावा लागतो तितका उचलावा. यात काही ओढले गेले, टोचले, पायात आले किंवा वर सरकले, तर तो कपडा दुरुस्तीच्या ढिगात जातो. कपडा कितीही आवडता असला तरी या परीक्षेत सूट देऊ नये. 2022 पासून राज्यात 75 वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पण केवळ साडी सावरत चढणे जमत नाही म्हणून गावी जाणे टाळणाऱ्या दोन बायका माझ्या ओळखीच्या आहेत, आणि त्या दोघींचीही अडचण साडीची लांबी दोन बोटे कमी केल्यावर दूर झाली.

ब्लाउज

साडी नेसणाऱ्या बाईच्या सोयी-गैरसोयीचे मूळ साडीत क्वचित असते, ते बहुतेक वेळा ब्लाउजमध्ये असते, म्हणून या विषयावर मी अधिक थांबणार आहे. पहिली गोष्ट, ब्लाउज पुढून उघडणारा असावा. पाठीवर हुक हवेतच असा हट्ट असेल, तर ते केवळ दिखाव्यासाठी लावून खरी उघडझाप पुढे किंवा बगलेखाली करून घेता येते, आणि चांगली टेलरबाई हे सहज करते. बोटांचे सांधे दुखत असतील तर बारीक हुकांऐवजी मोठे हुक किंवा टिचबटणे लावून घ्यावीत, आणि हुकांची संख्या कमी करण्याच्या मोहात न पडता त्यांच्यामधले अंतर सारखे ठेवायला सांगावे, नाहीतर बसल्यावर मधल्या फटी उघडतात.

दुसरी गोष्ट मुंढ्याची. हात वर केला की सगळा ब्लाउज वर सरकतो, याचे कारण ब्लाउज तोकडा आहे असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा मुंढा फार खोल कापलेला असतो. मुंढा काखेच्या जवळ, थोडा वर असला आणि बाहीला पुरेसा घेर असला की हात मोकळा फिरतो आणि ब्लाउज जागेवर राहतो. शिवून झालेल्या ब्लाउजमध्ये काखेत त्याच कापडाचा छोटा चौकोनी तुकडा जोडला तरी बराच फरक पडतो. यासाठी आणि पुढे वजन बदलले तर उसवून सैल करता यावे यासाठी शिलाईत दोन्ही बाजूंना किमान 1 इंच दाब ठेवायला सांगावा आणि उरलेले कापड टेलरकडून आठवणीने परत घ्यावे.

बाही कोपराच्या किंचित वर येणारी असली की दंडाची सैल पडलेली कातडी झाकली जाते, असे सगळ्या सांगतात आणि ते खरेही आहे, पण ज्यांना उकाडा सहन होत नाही किंवा ज्यांचे हात मुळात सुबक आहेत त्यांनी लहान बाही का घालू नये, याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही. गळ्याबाबत मात्र माझे मत ठाम आहे. फार बंद गळा मान आखूड दाखवतो आणि फार रुंद गळा उतरत्या खांद्यावरून घसरतो. मानेच्या खळगीखाली चार बोटांवर येणारा चौकोनी किंवा पानाच्या आकाराचा गळा बहुतेकींना शोभतो आणि गळ्यातले मंगळसूत्र, मोहनमाळ किंवा साधी काळी पोतसुद्धा त्यात नीट बसते.

नवा साचा ठरवताना थेट भारी कापडाला कात्री लावू देऊ नये. आधी टू बाय टू रुबियाचा एक ब्लाउज शिवून घ्यावा, तो आठवडाभर घरकामात वापरावा, दोनदा धुवावा, आणि जिथे जिथे खुपते तिथे खडूने खूण करून परत न्यावा. कापड आणि अस्तर दोन्ही शिवण्यापूर्वी पाण्यातून काढलेले असणे आवश्यक आहे, कारण अस्तर आकसले आणि वरचे कापड आकसले नाही, तर पहिल्याच धुण्यात सगळा ब्लाउज चुण्या पडून वाया जातो.

परकराची नाडी

परकराच्या नाडीबद्दल आपण फार बेफिकीर असतो. कमरेवर वर्षानुवर्षे एकाच जागी पडणारा काळा वळ ही सर्वांनाच परिचित गोष्ट आहे. 2024 साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली, ज्यांच्या कमरेवर घट्ट बांधणीच्या घर्षणाने झालेली जखम बरी न होता तिचे त्वचेच्या कर्करोगात रूपांतर झाले होते. त्यांपैकी एक स्त्री परकरावर साडी नेसणारी होती आणि दुसरी परकराविना लुगडे घट्ट कसणारी होती. असे क्वचितच घडते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु वयाबरोबर कातडी पातळ होते आणि जखमा उशिरा भरतात, हे लक्षात घेऊन बारीक गोल नाडी आजच काढून टाकावी. तिच्या जागी दोन बोटे रुंद सपाट पट्टी वापरावी, किंवा पाठीमागच्या अर्ध्या भागात रुंद इलॅस्टिक आणि पुढे हुक अशी कंबर करून घ्यावी. गाठ रोज एकाच जागी न बांधता कधी डावीकडे, कधी उजवीकडे घ्यावी, घरी असताना परकर सैल करावा, आणि कमरेवर बरी न होणारी जखम किंवा पांढुरका, खरखरीत डाग दिसला तर तो दाखवायला संकोच करू नये. परकर शिवतानाच त्याला उजव्या बाजूला एक खोल खिसा करून घ्यावा. मोबाइल, किल्ली आणि औषधाची गोळी त्यात राहते आणि दोन्ही हात कठड्यासाठी मोकळे राहतात.

साडी निवडताना

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर आणि नऊवारी आठ मीटरहून थोडी जास्त असते, आणि एवढे कापड दिवसभर खांद्यावर व कमरेवर वागवायचे असते, म्हणून साडीचे वजन हा नीट विचार करण्याचा विषय आहे. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझ्या साड्या तोलून पाहिल्या. माझा लग्नातला शालू सव्वा किलोच्या वर भरला, तर महेश्वरी साडी त्याच्या निम्म्याहूनही हलकी निघाली. महेश्वरीत ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असतो, त्यामुळे ती चमकते, तरी घसरत नाही, आणि तिचे काठ पुष्कळदा दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, म्हणून घाईच्या वेळी उलटी-सुलटी पाहत बसावे लागत नाही. उन्हाळ्यासाठी कोटा डोरिया, रोजच्यासाठी मंगळगिरी सुती, आणि थोडे भारदस्त नेसायचे असेल तेव्हा इरकल हे माझे ठरलेले क्रम आहेत. इरकलीच्या पदराचा ताणा निराळा असतो आणि तो फासांनी अंगाच्या ताण्याशी जोडलेला असतो, म्हणून जुनी इरकल नेसण्यापूर्वी तो जोड उजेडात धरून तपासावा. भंडारा-नागपूरकडची करवतकाठी टसरही या वयात फार शोभते, कारण तिचा मूळ मातकट-सोनेरी रंग पांढऱ्या केसांशी मिळून येतो आणि करवतीच्या दातांसारखा काठ सगळ्या नेसण्याला एक रेघ देतो.

कृत्रिम धाग्याच्या साड्या धुवायला सोप्या असतात हे मान्य करूनही मी त्या रोजच्या वापरात ठेवत नाही. वाढत्या वयात शरीराला उष्णता बाहेर टाकणे जड जाते आणि त्या कापडातून वारा खेळत नाही, शिवाय ज्योत लागली तर ते वितळून कातडीला चिकटते. सुती पदरही पेट घेतोच, म्हणून गॅसपाशी आणि निरांजन ओवाळताना पदर कमरेला खोचण्याची सवय कोणत्याही साडीबरोबर हवी. सुती साडीला खळ हलकीच द्यावी. कडक खळीच्या निऱ्या सुरेख पडतात, पण त्या आवरताना बोटांना आणि मनगटाला श्रम होतात.

निऱ्या उभ्याने करणे जमत नसेल तर त्या आदल्या रात्री पलंगावर बसून कराव्यात, वरून एक चिमटा आणि गुडघ्यापाशी दुसरा लावून हँगरला अडकवून ठेवाव्यात आणि सकाळी नुसत्या खोचाव्यात. साडी जमिनीपासून एक इंच वर, पावलाचा पुढचा भाग दिसेल अशी नेसावी. तयार शिवलेल्या साडीकडे तुच्छतेने पाहण्याचे काही कारण नाही. माझ्या एका वहिनींनी त्यांची आवडती नारायणपेठ कमरेला पट्टी लावून शिवून घेतली आणि तीन वर्षे बंद पडलेले त्यांचे साडी नेसणे पुन्हा सुरू झाले.

साडी सोडून पंजाबी ड्रेस किंवा सलवार-कुर्ता घालू लागताना पुष्कळ जणींच्या मनात चलबिचल होते, आणि ती समजून घेण्यासारखी असते, कारण चाळीस-पन्नास वर्षे साडीतच स्वतःला पाहिलेले असते. अशा वेळी एकदम बदल करू नये. साडीचेच कापड, तेच काठ घेऊन गुडघ्याखाली येणारा कुर्ता शिवला आणि खाली सरळ पायजमा घेतला की आपण परके दिसत नाही. पाठीला बाक असेल तर कुर्ता पुढे लोंबतो आणि मागे वर उचलला जातो, म्हणून मागची उंची एक-दीड इंच जास्त कापायला सांगावी. ओढणीचे टोक जिन्यात पायाखाली येते, म्हणून ती आखूड घ्यावी किंवा एका खांद्यावर पिनने पक्की करावी.

घरातला गाऊन हा आपल्याकडचा सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कमी विचार केलेला कपडा आहे. दाराची बेल वाजली की खुंटीवरचा टॉवेल किंवा ओढणी खांद्यावर टाकून धावणाऱ्या कितीतरी बायका आपण पाहतो, आणि या धावण्यातच पाय अडकून पडण्याचा धोका असतो. घोट्याच्या वर थांबणारा, पुढे उघडणारा, खिसा असलेला आणि ज्यात दार बिनसंकोच उघडता येईल असा जाडसर सुती गाऊन तीन-चार चांगल्या रंगांत शिवून घ्यावा. दिवसाचे अधिक तास आपण घरातच असतो, तेव्हा विटलेले, फाटके तेवढे घरासाठी ही वाटणी मला पटत नाही.

रंगाचा प्रश्न

‘या वयात हा रंग?’ हे वाक्य ऐकले नाही अशी साठीपुढची बाई महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. एके काळी केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला तांबडे आलवण नेसावे लागे, आणि ते गेल्यानंतरही वय झाले किंवा पती गेला की फिक्या रंगांत जावे हा दंडक कुणी न लिहिताही राहिला. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. कुंकू आणि बांगड्यांबाबत गाव जे म्हणू शकते, ते साडीच्या रंगाबाबत निदान घरातल्यांनी तरी म्हणावे, असे मला कळकळीने वाटते. पती गेल्यानंतर ज्यांना फिके रंगच नेसावेसे वाटतात त्यांची इच्छाही तितकीच आदरणीय आहे, फक्त ती इच्छा त्यांची स्वतःची असावी.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. केस पांढरे झाले आणि चेहऱ्याचा रंग उतरला की मोतिया, श्रीखंडी, राखाडी हे रंग चेहऱ्याजवळ घेतल्यावर चेहरा थकलेला दिसू शकतो. त्याऐवजी डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, आमसुली, अंजिरी हे खोल रंग घेऊन पाहावेत. संक्रांतीची काळी चंद्रकळा पांढऱ्या केसांवर जितकी खुलते तितकी ती तरुणपणीही खुलत नाही. परीक्षा सोपी आहे : सकाळी दहाच्या सुमारास खिडकीपाशी बसावे, दोन रंगांचे कापड आळीपाळीने हनुवटीखाली धरावे, आणि समोरच्या माणसाला आधी कापड दिसते की डोळे दिसतात हे विचारावे. डोळे आधी दिसले तो रंग आपला. फिका रंग फारच आवडत असेल तर साडी फिकी ठेवून ब्लाउज गडद घ्यावा, म्हणजे चेहऱ्याजवळ हवा तो रंग येतो.

याच ठिकाणी डोळ्यांबद्दलही सांगायला हवे. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि गडद निळा, काळा व जांभळा यांतला फरक कळेनासा होतो, विशेषतः कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. म्हणून साडी, परकर आणि ब्लाउज एकाच हँगरवर एकत्र ठेवावेत आणि दुकानात रंग ठरवताना कापड दारापाशी उजेडात नेऊन पाहावे. कोणताही चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

घरातल्या पुरुषांचे कपडे

पुरुषांचे कपाट लहान असले तरी तिथली उपेक्षा मोठी असते. निवृत्तीनंतर ऑफिसचेच शर्ट वर्षानुवर्षे वापरले जातात आणि मान बारीक झाल्यामुळे कॉलर गळ्याभोवती सैल लोंबू लागते, त्यामुळे धडधाकट माणूसही आजारी दिसतो. कॉलर आणि गळा यांत दोन बोटे जातील इतकीच जागा असावी, याहून जास्त असेल तर नवीन शर्ट शिवावा किंवा बंद पट्टीच्या कॉलरचा सदरा घ्यावा. डोक्यातून घालायचा झब्बा आखडलेल्या खांद्याला त्रास देतो, म्हणून पूर्ण पुढून उघडणारा झब्बा शिवून घ्यावा. बोटे थरथरत असतील तर वरून बटण तसेच दिसू द्यावे आणि आतून टिचबटण लावावे. पोट सुटले की पँट पोटाखाली जाते, मागे ढगळ होते आणि तळव्याशी गोळा होऊन पायात येते. यावर पट्टा आवळणे हा उपाय नाही, मागे इलॅस्टिक असलेली उंच कमरेची पँट किंवा सरळ लेंगा हा आहे. रंगांची परीक्षा वर सांगितली तीच यांनाही लागू आहे, आणि आयुष्यभर पांढरे-राखाडी घातलेल्या माझ्या यजमानांना विटकरी रंगाचा खादीचा सदरा इतका शोभला की आता ते स्वतःहून तो रंग मागतात.

पायातले

पायात जे घालायचे ते संध्याकाळी विकत घ्यावे, कारण दिवसभरात पाय सुजतो. टाच सपाट, मागे पट्टा आणि तळ रबरी असावा. कोल्हापुरी सोडवत नसेल तर तिला खालून रबराचा तळ शिवून घ्यावा, कारण चामड्याचा तळ ओल्या फरशीवर घसरतो.

दुरुस्तीचा ढीग आणि निरोपाचा ढीग वेगळे झाले की दुरुस्तीचे कपडे लग्नसराई संपल्यावर, आषाढाच्या सुमारास टेलरकडे न्यावेत, तेव्हा त्यांना वेळ असतो आणि आपले म्हणणे ते नीट ऐकून घेतात. ज्या भारी साड्या आता नेसवत नाहीत त्या मुलीला, सुनेला, भाचीला आपण हयात आणि हसत्या असताना आपल्या हाताने द्याव्यात, आणि प्रत्येकीच्या घडीत एक चिठ्ठी ठेवावी : साडी कुठून घेतली, कोणत्या प्रसंगी नेसली, धुवायची कशी. ज्या विरल्या आहेत त्यांची गोधडी शिवायला द्यावी. माझ्या शालूची चिठ्ठी मी गेल्या आठवड्यात लिहिली आणि तो भाच्याच्या बायकोला दिला. तिने तो तिथेच, माझ्यासमोर, खांद्यावर टाकून पाहिला.